नगरसेवक, गल्लीचा रस्ता आणि बसगाडी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनप्रसंगी मुंबई येथे केलेले भाषण)



या संमेलनात चार शब्द बोलावेत असे चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा विषय निवडण्याची पूर्ण मोकळीक त्यांनी आम्हांस दिली होती. अशा व्यासपीठावरून बहुधा ज्ञातीचा पूर्वेतिहास, विद्यार्थ्यांचे यश, लग्नकार्यांतील वाढता खर्च असे विषय निघतात आणि ते निघावेतही. आम्ही मात्र आज नगरसेवकाविषयी, त्याच्या हाती असलेल्या रस्त्याविषयी आणि रस्त्यावरून धावणाऱ्या बसगाडीविषयी बोलणार आहोत. आजच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘ज्ञातीतील नवनिर्वाचित लोकप्रतिनिधींचा सत्कार’ ही बाब छापलेली आहे. शाल आणि श्रीफळ देण्यास आमची यत्किंचितही हरकत नाही. परंतु ज्या कामासाठी माणूस निवडून गेला ते काम कोणते, हे सत्कार करणाऱ्यांस ठाऊक असावे, एवढीच आमची इच्छा.

प्रथम आपल्या घरची गोष्ट सांगतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वी आपली बहुसंख्य कुटुंबे गिरगाव, दादर, परळ या भागांत दाटीवाटीने राहत होती आणि संस्थेच्या कार्यक्रमास पायी येत असत. आज तीच कुटुंबे बोरिवली, मुलुंड, ठाणे, डोंबिवली, कल्याण अशी दूरवर पसरली आहेत. संमेलन सायंकाळी सहाला न ठेवता सकाळी दहाला का ठेवावे लागते? वृद्ध मंडळींस दिवस मावळण्यापूर्वी घरी पोहोचता यावे म्हणून. आजीबाई गाडीत बसून दादरपर्यंत येतात. पण दादर स्थानकापासून या सभागृहापर्यंतचे अर्ध्या मैलाचे अंतर त्यांस आगगाडीच्या प्रवासाहून कठीण जाते. पदपथावर पाय ठेवावा तर तो गुडघाभर उंच. खाली उतरावे तर खोदलेला चर. बसची वाट पाहावी तर ती केव्हा येईल याचा नेम नाही. आपल्या संस्थेची उपस्थिती रोडावत चालली, तरुणांत ज्ञातिप्रेम उरले नाही, असे उद्गार दरवर्षी ऐकू येतात. त्यात तथ्य असेल. तथापि त्या रोडावण्यात उंच पदपथाचा आणि न आलेल्या बसचा वाटा किती, हे आजवर कोणी मोजलेले नाही.

आता नगरसेवकाकडे वळू. पूर्वी त्यास ‘नगरपिता’ म्हणत. पुढे ‘नगरसेवक’ हा शब्द रूढ झाला. शब्द बदलला तरी लोकांच्या मनातील कल्पना मात्र पित्याचीच राहिली. मुलाने हट्ट धरावा आणि पित्याने खिशात हात घालून खाऊ द्यावा, अशा भावनेने आपण त्याच्याकडे जातो. कुणास शाळेतील प्रवेश हवा, कुणास नळाची जोडणी, कुणास इमारतीपुढे फरसबंदी. नगरसेवकासही ते सोयीचे वाटते. निधीतून बाक बसविला की बाकाच्या पाठीवर नाव रंगविता येते. काही बाकांवरील नावाची अक्षरे इतकी मोठी असतात, की बाक बसण्यासाठी केला की वाचण्यासाठी, असा संभ्रम पडावा.

वस्तुतः कायद्याने त्याच्या हाती दिलेले साधन वेगळे आहे. मुंबईची महानगरपालिका १८८८ च्या अधिनियमाखाली चालते. सर फिरोजशहा मेहता यांच्यासारख्या पुरुषांचा हात त्या घडणीत होता. या कायद्याने कारभार करण्याची सत्ता आयुक्ताच्या हाती ठेवली, आणि आयुक्ताची नेमणूक शासन करते. नगरसेवक एकाही अभियंत्यास स्वतःच्या अधिकारात हुकूम देऊ शकत नाही. रस्त्यावर उभे राहून मुकादमास दरडावणारे नगरसेवक आपण पाहतो. ते दरडावणे कायद्याच्या पुस्तकात कोठेही नाही. पुस्तकात आहे ते असे : सभेत प्रश्न विचारणे, ठरावाची सूचना देणे, समितीपुढे आलेल्या खर्चाच्या प्रस्तावास मान्यता देणे अथवा तो परत पाठविणे आणि अंदाजपत्रकावर बोलणे. सार्वजनिक रस्ते बांधणे, दुरुस्त ठेवणे, त्यांवर दिवे लावणे आणि ते झाडणे ही महापालिकेची आवश्यक कर्तव्ये म्हणून कलम ६१ मध्ये सांगितली आहेत. ती ऐच्छिक नाहीत. त्यामुळे रस्ता नीट करून दिला म्हणून नगरसेवकाचे आभार मानण्याचे विशेष कारण नाही. तो का झाला नाही, हे सभेत विचारले म्हणून मात्र जरूर आहे.

बसगाडीची कथा अशीच आहे, पण ती अधिक मनोरंजक आहे. मुंबईत घोड्यांची ट्रॅम ९ मे १८७४ रोजी धावू लागली. कुलाब्याहून पायधुणीस आणि बोरीबंदराहून पायधुणीस असे तिचे पहिले मार्ग होते. कंपनी खासगी होती. परंतु रस्ते नगरपालिकेचे असल्यामुळे कंपनीस दिलेल्या परवान्याचा प्रश्न पुनःपुन्हा नगरसभेपुढे येत राहिला. १९०७ साली विजेची ट्रॅम आली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुटली. मग ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आठ दिवस आधी, हा सारा उपक्रम महापालिकेने विकत घेऊन आपल्या ताब्यात आणला. त्या वेळी बसगाड्या होत्या २४२ आणि मार्ग होते २३. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्रॅम धावली. आपल्या सभेतील काही वडीलधारी मंडळींनी ती पाहिली असेल.

१९४७ च्या त्या दिवसापासून बस ही नागरिकांच्या मालकीची झाली, आणि मालकाच्या वतीने तिच्यावर देखरेख ठेवण्याचे काम नगरसभेने निवडलेल्या बेस्ट समितीकडे आले. भाडे किती असावे, गाड्या किती घ्याव्यात, कोणता मार्ग ठेवावा, या गोष्टी त्या समितीच्या टेबलावर येत. दिल्लीची अथवा कलकत्त्याची बस राज्य शासनाची आहे. तेथील नगरसेवकास तिच्याविषयी बोलण्याचा असा अधिकार नाही. मुंबईच्या नगरसेवकास तो आहे, आणि तो फार मोलाचा आहे असे आमचे मत आहे.

या अधिकाराचे मोल आपणांस अलीकडेच कळून आले. २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. प्रभागांची संख्या आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांविषयीचे वाद न्यायालयात गेले, आणि पुढील निवडणुकीचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मधली जवळजवळ चार वर्षे २२७ जागांपैकी एकाही जागेवर कोणी नव्हते. आयुक्त हेच प्रशासक होते. २०२५-२६ या वर्षाचे ७४,४२७ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक आयुक्तांच्या प्रशासनाने तयार केले आणि आयुक्तांनीच प्रशासक म्हणून ते मंजूर केले. तयार करविणारी आणि स्वीकारणारी व्यक्ती एकच. ज्या अधिकाऱ्यांनी हे केले त्यांनी कायद्याप्रमाणेच केले, आणि त्यांच्या सचोटीवर आम्ही शंका घेत नाही. पण ज्या सभेत पूर्वी अंदाजपत्रकावर दिवसेंदिवस भाषणे होत, ती सभा त्या काळात रिकामी होती.

त्याच काळात काय काय झाले, पाहा. जानेवारी २०२३ मध्ये शहरातील ३९७ किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची सुमारे ६,०८० कोटींची कामे कंत्राटदारांस देण्यात आली, आणि पुढच्या टप्प्यात आणखी ३०९ किलोमीटर रस्ते घेतले गेले. कोणता रस्ता आधी घ्यावा, कोणता मागाहून, एका गल्लीची दोन्ही तोंडे एकाच वेळी बंद केली तर रुग्णवाहिका कोठून जाईल, हे विचारणारा सभेत कोणी नव्हता. बेस्टचे किमान भाडे २०१९ च्या जुलैत आठ रुपयांवरून पाच रुपये झाले होते. ते ९ मे २०२५ पासून एकदम दहा रुपये झाले आणि वातानुकूलित गाडीचे सहाचे बारा झाले. भाडेवाढ अवश्य होती की नव्हती, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. उपक्रम तोट्यात आहे हे कोणी नाकारीत नाही. परंतु किमान भाडे दुप्पट होते आणि त्यावर निवडून आलेला एकही माणूस समितीत बोलत नाही, ही गोष्ट १९४७ मध्ये बस ताब्यात घेणाऱ्यांच्या स्वप्नातही आली नसेल. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेस एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टसाठी भाडेकरारावर चालणाऱ्या बसचा भीषण अपघात झाला आणि माणसे प्राणास मुकली. वृत्तपत्रांनी लिहिले, चौकशी झाली. चालकास किती दिवसांचे शिक्षण दिले जाते, भाडेकरारात त्याविषयी काय लिहिले आहे, हे दुसऱ्या दिवशी समितीत उभे राहून विचारण्याचा ज्यांचा हक्क, त्या खुर्च्या मोकळ्याच होत्या.

इतके सांगितल्यावर एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. नगरसेवक असले की सर्व सुरळीत चालते असे नाही. बेस्टच्या ताफ्यात २०१० च्या सुमारास साडेचार हजारांहून अधिक गाड्या होत्या. २०२५ मध्ये स्वतःच्या व भाड्याच्या मिळून त्या तीन हजारांच्याही खाली आल्या. ही उतरण २०२२ मध्ये सुरू झालेली नाही. तिचा मोठा भाग समिती भरत होती, सभासद चहा घेत होते, त्या वर्षांतला आहे. स्वतःच्या ३,३३७ गाड्या कायम राखण्याचे २०१९ मध्ये कामगार संघटनेशी ठरले होते. त्यास किती पाने पुसली गेली हे रस्त्यावर दिसतेच आहे. मग समिती काय करीत होती? आमच्या समजुतीप्रमाणे, नगरसेवक ज्या प्रश्नासाठी मतदार त्याच्या दारी येतो तोच प्रश्न सभेत विचारतो. मतदार नळासाठी आला, तो नळाचे बोलला. फरसबंदीसाठी आला, तो फरसबंदीचे बोलला. मार्ग बंद झाला, गाड्यांतले अंतर दहा मिनिटांचे तीस मिनिटे झाले, म्हणून नगरसेवकाकडे गेलेली किती कुटुंबे या सभागृहात आहेत? बस येईना तेव्हा आपण रिक्षा केली, मुलाने दुचाकी घेतली, आणि ज्यांस दोन्ही शक्य नव्हते ते घरी बसले. घरी बसलेल्यांचा आवाज कोणत्याच सभेस ऐकू जात नाही.

रस्त्याच्या बाबतीत थोडे तपशिलाने सांगणे अगत्याचे आहे. कारण येथे नगरसेवकाचे खरे काम लहानसहान गोष्टींत असते. एकाच रस्त्याच्या पोटात पाण्याची नळी, मलवाहिनी, पर्जन्यवाहिनी, विजेच्या तारा, दूरध्वनीच्या तारा आणि वायूची नळी असे सहा संसार नांदत असतात. त्या सर्वांचा मालक एकच नाही. डांबर नवे झाले की महिन्याभरात त्यांपैकी कुणास तरी आपली नळी आठवते. चर खणण्यास महापालिकेची परवानगी लागते आणि तो बुजविण्याचा आकार आगाऊ भरून घेतला जातो. मग बुजविलेला चर पहिल्या पावसात खचतो कसा? माती नीट धुम्मस न करता वर डांबराचा पापुद्रा ओढला, की तो खचणारच. पावसाळ्यापूर्वी म्हणजे ३१ मेपर्यंत खोदाई आटोपण्याचा नियम आहे. नियम पाळला गेला असे दाखविण्यासाठी मेअखेरच्या आठवड्यात रातोरात जे चर झाकले जातात, तेच जुलैत आपले पाय मोडतात. या कामी नगरसेवकाने फक्त एक कागद मागवावा : आपल्या प्रभागात येत्या वर्षात कोणकोणत्या संस्थांनी खोदाईची परवानगी मागितली आहे, याची यादी. ती हाती आली, की आधी खोदाई आणि मग डांबर असा क्रम लावून घेता येतो. प्रभाग समितीत हा विषय काढण्यास भाषणकौशल्य लागत नाही.

पदपथाची गोष्टही तशीच. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने पादचाऱ्यांसाठी घालून दिलेल्या मानकात पदपथावर चालण्यास मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी असे सांगितले आहे. दीडशे मिलिमीटर म्हणजे साधारण वीतभरापेक्षाही कमी. प्रत्येक दुरुस्तीत जुन्या थरावर नवा थर चढत गेल्यामुळे आपल्या कित्येक पदपथांची उंची त्याच्या दुप्पट झाली आहे. संधिवात असलेल्या मातोश्रींस विचारा. त्या फूटपट्टीवाचून उंची सांगतील. या बाबतीत स्त्री-सभासदांचे लक्ष अधिक असते, असा आमचा अनुभव आहे. २०१२ च्या निवडणुकीपासून मुंबईत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. बंद पडलेला दिवा, थांब्यामागचा काळोख, मुलाचा हात धरून न ओलांडता येणारा चौक, या गोष्टी सभेपुढे आणण्यास ज्यांस त्या रोज भोगाव्या लागतात तेच योग्य. आरक्षणामुळे नवऱ्याऐवजी बायको उभी राहते, अशी थट्टा आपल्या मंडळींतही चालते. गोरेगावातून १९६१ साली महापालिकेत निवडून गेलेल्या मृणाल गोरे यांस कोणते आरक्षण होते? पाण्यासाठी त्या इतक्या झगडल्या की लोक त्यांस ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले.

आणखी एक तपशील जुन्या इमारतींत राहणाऱ्यांसाठी. कायद्याच्या कलम २९७ अन्वये प्रत्येक सार्वजनिक रस्त्याची ‘नियमित रेषा’ आखता येते. आपली इमारत त्या रेषेत येत असेल, तर पुनर्विकासाच्या वेळी तेवढी पट्टी रस्त्यासाठी सोडावी लागते आणि तिच्या मोबदल्यात चटईक्षेत्र मिळते. आपल्या कित्येक कुटुंबांस ही रेषा ठाऊकच नसते. विकासकास ती पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. प्रभाग कार्यालयात ती पाहावयास मिळते.

आता थोडे नाजूक बोलायचे आहे. क्षमा असावी. निवडणुकीच्या दिवसांत आपल्या मंडळींत पहिला प्रश्न निघतो तो ‘उमेदवार आपल्यापैकी आहे का?’ असा. आपल्या ज्ञातीचा माणूस पुढे गेला तर आनंद वाटणे स्वाभाविक आहे, आम्हांसही वाटतो. परंतु हिशेब करून पाहा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सुमारे एक कोटी चोवीस लाख होती. तिला २२७ ने भागले तर प्रभागास सरासरी पंचावन्न हजार माणसे येतात. त्यांत आपली घरे किती? कोठे दहा, कोठे वीस, कोठे एकही नाही. आपल्या ज्ञातीचा एखादा नगरसेवक निवडून आलाच, तर तो एका प्रभागाचा. आपण राहतो मात्र शंभर प्रभागांत. बोरिवलीच्या ज्ञातिभगिनीस तिच्या थांब्यावर बस हवी असेल, तर परळचा ज्ञातिबंधू काय करणार? तिला तिच्याच प्रभागाच्या नगरसेवकाकडे गेले पाहिजे, मग त्याची जात कोणतीही असो. आणि त्या थांब्यावर तिच्या मागेपुढे रांगेत जे उभे असतात ते सर्व ज्ञातींचे, सर्व धर्मांचे असतात. अर्जावर त्यांच्या सह्या मिळाल्या तर अर्जास वजन येते. केवळ आपल्या चार घरांच्या सह्यांस येत नाही.

या संदर्भात मुंबईबाहेरचे, पुण्याचे, एक उदाहरण देतो. महात्मा जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला. करदात्यांचा पैसा असा उधळण्यापेक्षा शिक्षणावर खर्चावा, असे म्हणून जोतीरावांनी एकट्याने विरोध केला. पुढे लाखो रुपये खर्चून मोठी मंडई बांधण्याचे ठरले, त्यासही त्यांचा विरोध होता. मंडई झाली, तिला त्या वेळच्या गव्हर्नराचे, रे साहेबांचे, नाव दिले गेले. आणि आज तीच इमारत महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. तो ठराव ते हरले. पण हरलेल्या त्या मताची नोंद राहिली. त्या सभेत त्यांच्या ज्ञातीचे किती सभासद होते, हे मात्र कोणी लक्षात ठेवलेले नाही.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमची सूचना अशी. सत्कार करावा, परंतु सत्कारमूर्तीस दोन प्रश्न आधी लेखी पाठवावेत. गेल्या वर्षात आपण सभेत अथवा प्रभाग समितीत रस्त्यांविषयी किती प्रश्न विचारले, आणि बसविषयी किती? उत्तरे स्मरणिकेत छापावीत. ज्यांस उत्तर देणे अडचणीचे वाटेल त्यांस शाल द्यावी, श्रीफळ पुढच्या वर्षी. (हशा.) दुसरे, हे सभागृह ज्या प्रभागात आहे तेथील नगरसेवकास, त्याची जात न विचारता, दरवर्षी एकदा येथे बोलवावे. सभागृहाकडे येणाऱ्या रस्त्याचा पदपथ उतरता करणे आणि स्थानकाकडील थांबा जवळ आणणे, हे दोनच विषय पुढे ठेवावेत. थांबा हलविण्यास वाहतूक पोलिसांचे ‘हरकत नाही’ लागते. त्यास वेळ जातो. तेव्हा अर्ज आजच्या तारखेचा असावा, त्याची पोच घ्यावी आणि क्रमांक संस्थेच्या वहीत लिहून ठेवावा.

आणि भगिनींनो, बंधूंनो, एक काम आपल्याकडे. मागच्या दाराशी टेबलावर छापील कागद ठेवले आहेत. आपण ज्या थांब्यावरून नेहमी बस धरता त्या थांब्याचे नाव, मार्गाचा क्रमांक, आपण उभे राहिलात ती वेळ आणि गाडी आली ती वेळ, एवढेच त्यांत लिहावयाचे आहे. सलग पंधरा दिवस लिहावे. ज्यांस वाचण्याचा त्रास होतो त्यांच्यासाठी नातवंडांनी लिहावे; गाडीच्या कपाळावरचा मराठी आकडा त्यांसही ओळखता येऊ लागेल, हा लाभ वेगळाच. ठाणे आणि डोंबिवलीकडील मंडळींनी आपापल्या महापालिकेच्या परिवहन सेवेची नोंद त्याच कागदावर करावी, रकाना ठेवला आहे. भरलेले कागद कोषाध्यक्षांकडे द्यावेत. ते प्रभागवार लावून ज्या त्या नगरसेवकाकडे पोहोचविण्याचे काम आम्ही व तरुण मंडळातील तिघांनी पत्करले आहे. कागद सध्या दोनशेच छापले आहेत. जेवणास बसण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एकच घ्यावा.